पर्मनंट होईन तेव्हा होईन, पण पेन्शनचं काय?

पत्र

मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात परीक्षा विभागात काम करते. वय ३९, येत्या डिसेंबरात चाळीस पूर्ण होतील. जून २०१२ मध्ये रोजंदारीवर लागले. नंतर ११ महिन्यांच्या ऑर्डर मिळत गेल्या. ऑर्डर संपली की एक-दोन दिवसांचा ब्रेक, की पुन्हा नवी ऑर्डर. त्या काळात पीएफ कधी कापलाच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आम्हाला एजन्सीकडे दिलं. टेबल तेच, साहेब तेच, पगार मात्र एजन्सीचा. जुलै २०२२ ला एजन्सी बदलली तेव्हा जुन्या एजन्सीच्या माणसाने सगळ्यांचा पीएफ काढून दिला. मला आधी ७३ हजार आले आणि महिन्याभराने आणखी ३६ हजार. आता एप्रिलपासून तिसरी एजन्सी आली आहे. पगारातून १,८०० कापतात, पण पासबुकात एप्रिलनंतरचं काही दिसत नाही. शिवाय ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र मागतात, की विद्यापीठाकडे कायम करण्याची मागणी करणार नाही आणि माझी मागची कोणतीही येणी बाकी नाहीत. हातात साडेसोळा हजार पडतात. एका पतसंस्थेत १८ हजारांची नोकरी मिळतेय. पण इतकी वर्षं दिली, आता सोडलं आणि मागून सगळ्यांना पर्मनंट केलं तर? पर्मनंट झालीस की पेन्शन तरी लागेल, असं घरचे म्हणतात. काय करू?

— परीक्षा विभागातली एक

उत्तर

ताई, नमस्कार.

घरच्यांच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या सगळ्या निर्णयांचा खुंटा तिथे अडकलाय. पर्मनंट म्हणजे पेन्शन, हे समीकरण तुमच्या वडिलांच्या पिढीत खरं होतं. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मग तो मंत्रालयातला कारकून असो की अनुदानित कॉलेजातला शिपाई. तुमच्या शेजारच्या टेबलावर २००८ साली कायम म्हणून लागलेले कुणी असतील, तर त्यांच्याही पगारातून दरमहा अंशदान कापलं जातं. १४ मार्च २०२३ ला राज्यभरातले कर्मचारी संपावर गेले होते ते याचसाठी, आणि तेव्हा घोषणा देणारी बहुतेक मंडळी पर्मनंटच होती. पुढे २०२४ मध्ये सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हमी असलेल्या पेन्शनचा पर्याय मान्य केला. पण त्यातही मोजली जाते ती नियमित सेवा. उद्या तुम्हाला कायम केलं, तरी नियमित सेवा साधारणपणे आदेशाच्या तारखेपासून धरतात. मागची वर्षं धरून घ्यायला वेगळं भांडावं लागतं.

म्हणून पहिली गोष्ट ही, की नोकरी कायम होण्याचा प्रश्न आणि म्हातारपणीच्या पैशाचा प्रश्न एकमेकांपासून सोडवून वेगळे ठेवा. पहिला तुमच्या हातात फारसा नाही. दुसरा बऱ्यापैकी आहे, आणि त्याकडे तुमच्या ऑफिसात कुणी बघत नाही, कारण सगळ्यांचे डोळे पहिल्याकडे लागलेत.

तुमची पेन्शन म्हणजे पीएफमधली ईपीएस, १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. तुमचे १,८०० कापले जातात, तेवढेच मालकाने घालायचे असतात. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन फंडात जातात आणि उरलेले ५५० तुमच्या पीएफमध्ये. पासबुक उघडलंत तर तिसरा रकाना पेन्शनचा दिसेल. त्या रकान्यात व्याज चढत नाही, म्हणून लोकांना वाटतं की पैसे कुजताहेत. ते पैसे साठवायचे नसतातच. तिथे महत्त्वाची असतात ती वर्षं. दहा वर्षं भरली की ५८ व्या वर्षापासून मरेपर्यंत पेन्शन. (शेवटचं वर्ष सहा महिने किंवा जास्त झालं असेल तर ते पूर्ण धरतात, म्हणजे साडेनऊलाही दहा.) हिशेब सोपा आहे. शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी, त्याला सेवेची वर्षं गुणायची आणि ७० ने भागायचं. पगाराची कमाल मर्यादा १५ हजार. वीस वर्षं झाली असतील तर वरून दोन वर्षं बोनस.

आता तुमच्या ७३ आणि ३६ हजारांकडे येऊ. पत्रातली ही ओळ वाचून मी कपाळाला हात लावला. पैसे दोनदा आले, म्हणजे त्या माणसाने दोन फॉर्म भरले होते. फॉर्म १९ म्हणजे पीएफची रक्कम. ते तुमचे ७३ हजार. आणि १०-सी म्हणजे पेन्शन फंडातून बाहेर पडणं. ते ३६ हजार. पहिल्याने फक्त पैसे गेले. दुसऱ्याने २०१९ ते २०२२ ची तीन वर्षं तुमच्या सेवेतून पुसली गेली. तीन वर्षं म्हणजे आजच्या मर्यादेने दरमहा सुमारे ६४० रुपये पेन्शन, तीही आयुष्यभर. पेन्शन सुरू झाल्यावर पाच वर्षांच्या आत त्या ३६ हजारांची भरपाई झाली असती आणि पुढचं सगळं वरकड होतं. एजन्सीचा माणूस वाईट नसेल. हिशेब मिटवून मोकळं व्हायची त्याला घाई होती आणि तुम्हाला पैशांची गरज. पण यापुढे एजन्सी बदलली की कुणी 'पीएफ काढून देतो' म्हणालं, तर नको म्हणायचं. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, एकच ठेवायचा आणि नव्या एजन्सीला तोच द्यायचा. अगदीच अडलं तर पीएफमधून आगाऊ रक्कम मिळते. १०-सी ला मात्र दहा वर्षं होईपर्यंत हात लावायचा नाही.

आता तुमची मोजणी जुलै २०२२ पासून सुरू आहे, म्हणजे २०३२ च्या आसपास दहा वर्षं होतील. ५८ पर्यंत कुठेही का होईना पण सलग भरत राहिलात, तर बोनस धरून साधारण २४ वर्षं होतात. १५ हजार गुणिले २४ भागिले ७०, म्हणजे महिना पाच हजार शंभरच्या आसपास. यात घर चालत नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्या ऑफिसात आज ज्या आशेवर सगळे बसलेत, तिच्यातून शून्य येतंय, आणि हे पाच हजार कायद्याने तुमचे आहेत. त्यासाठी मंजूर पद लागत नाही, जाहिरात लागत नाही, कुलगुरूंची सही लागत नाही. शिवाय ही वर्षं विद्यापीठाला बांधलेली नाहीत. ती यूएएनबरोबर तुम्ही जाल तिथे येतात. पतसंस्था, कारखाना, दवाखाना, जिथे पीएफ कापतात तिथे बेरीज पुढे चालू.

एप्रिलपासूनचे हप्ते दिसत नाहीत, यावर मात्र या आठवड्यातच हालचाल करा. मालकाने आदल्या महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो. एजन्सीने भरला नाही तर जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे विद्यापीठाची. हे पीएफ कायद्यातच लिहिलंय, कुणाची मेहेरबानी नाही. विद्यापीठातले लोक 'तुमचं एजन्सीशी बघा' म्हणतील. त्यावर वाद घालू नका. कुलसचिवांच्या नावे एका पानाचा अर्ज लिहा: अमुक महिन्यांपासून वेतनातून १,८०० रुपये कापले, पासबुकात जमा नाहीत, मूळ मालक म्हणून भरणा करून घ्यावा. सोबत पगाराचा बँक उतारा आणि पासबुकाची प्रिंट. अर्ज आवक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. परीक्षा विभागात आहात, एका आवक क्रमांकावर काय काय अवलंबून असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. पंधरा दिवसांत काही झालं नाही, तर तीच कागदं पीएफच्या तक्रार पोर्टलवर चढवा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत पीएफचा 'निधी आपके निकट' हा कार्यक्रम असतो. तिथे अधिकारी समोर बसलेले असतात. चार-पाच जणी मिळून गेलात तर जास्त बरं, कारण एकटीची तक्रार 'बघतो' वर संपते.

आणखी एक. काही एजन्सी मालकाचा हिस्साही आपल्याच पगारातून वळता करतात. 'कन्सॉलिडेटेड'मध्ये सगळं आलं, असं सांगतात. मालकाचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापायला मनाई आहे. तुमच्याबाबतीत काय चाललंय हे कळायला विद्यापीठाने एजन्सीला दिलेला कार्यादेश, एजन्सीची बिलं आणि बिलासोबत जोडलेली पीएफची चलनं माहितीच्या अधिकारात मागवा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. तुमच्या डोक्यामागे विद्यापीठ महिन्याला किती मोजतं आणि तुमच्या हातात किती पडतात, हे एकदा छापील कागदावर बघाच.

२०१२ ते २०१९ ची सात वर्षं उरतात. तेव्हा तुम्ही थेट विद्यापीठाच्या होतात आणि पीएफ कापला नव्हता. 'कंत्राटींना पीएफ लागू नाही' हे कारण टिकणारं नाही. पवन हंस कंपनीच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये त्यांना पीएफचा लाभ द्यायला लावला. विद्यापीठं आणि कॉलेजं १९८२ पासूनच या कायद्याखाली आहेत. ती सात वर्षं जोडली गेली तर तुमच्या पेन्शनमध्ये हजार-सव्वा हजाराची भर पडेल. (२०१४ च्या आधी पगाराची मर्यादा साडेसहा हजारच होती, म्हणून जास्त नाही.) पण खरं सांगायचं तर या पैशांवर डोळा ठेवून बसू नका. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत जुन्या थकबाकीची चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. पीएफ कार्यालयाला अर्ज द्या, कागद नोंदीवर राहू द्या आणि पुढच्या कामाला लागा.

त्या सात वर्षांची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, हा मात्र तुमच्या पत्रात नसलेला आणि तुमच्या ऑफिसात बहुधा कुणाला न सुचलेला मुद्दा आहे. पाच वर्षं सलग सेवा झाली की ग्रॅच्युइटी लागते, आणि 'सलग'चा अर्थ वर्षात २४० दिवस काम. मधल्या एक-दोन दिवसांच्या ब्रेकने तो हक्क तुटत नाही. हिशेब असा, की शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २०१९ मध्ये तुम्हाला समजा ११ हजार मिळत असतील, तर ४४ हजारांच्या पुढे रक्कम होते. उशीर झालाय, पण नुसत्या उशिरामुळे मालकाकडचा अर्ज बाद ठरत नाही. विद्यापीठाने दाद दिली नाही, तर ग्रॅच्युइटीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दाद मागायची. तिथे उशिराचं कारण द्यावं लागेल.

यात एक मेख आहे. ग्रॅच्युइटी मागणं म्हणजे २०१९ ला विद्यापीठाची नोकरी संपली असं एका परीने मान्य करणं. आणि पर्मनंट करा म्हणायचं असेल, तर नोकरी कधी संपलीच नाही, एजन्सी हा नुसता देखावा आहे, असं म्हणावं लागतं. म्हणून अर्जात 'माझे इतर सर्व हक्क अबाधित ठेवून' हे शब्द नक्की घाला. अडचण तुमच्यापेक्षा विद्यापीठाची मोठी आहे. नोकरी संपली म्हणाल तर ग्रॅच्युइटी द्या, नाही म्हणाल तर या बाई आमच्याच हे कबूल करा. दोन्ही डगरींवर हात त्यांनाही ठेवता येणार नाही.

आता पर्मनंटचं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तुम्हाला रोज नवा निकाल येत असणार, 'दहा वर्षं झालेल्या सर्वांना कायम करा, सुप्रीम कोर्ट' वगैरे. मूळ गोष्ट २००६ च्या उमादेवी निकालाची आहे. कर्नाटकातल्या त्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की जाहिरात-निवड न करता मागच्या दाराने आलेल्यांना नुसती वर्षं भरली म्हणून कायम करता येणार नाही. फक्त मंजूर पदावर, पात्रता असताना, कोर्टाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षं काम केलेल्यांना एकदाच संधी द्या. ती दहा वर्षं निकालाच्या वेळेपर्यंतची होती. तुम्ही लागलात २०१२ ला, त्यामुळे त्या खिडकीतून तुम्हाला जाता येत नाही.

अलीकडे वारं थोडं बदललंय, हेही खरं. डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं सफाई आणि बागकाम करणाऱ्या चौघांना सर्वोच्च न्यायालयाने नियमित करायला लावलं आणि उमादेवीचा निकाल ढालीसारखा वापरू नका, असं सरकारी खात्यांना सुनावलं. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर प्रदेशच्या उच्च शिक्षण सेवा आयोगातल्या रोजंदारीवाल्यांच्या बाजूने तसाच निकाल लागला. पण बारकाईने बघा. ती माणसं थेट त्या संस्थेची होती, मधे एजन्सी नव्हती.

महाराष्ट्रात आपल्याकडे वेगळं हत्यार होतं आणि आहे, ते म्हणजे १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा. माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवायचं, ते कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणूनच, ही त्या कायद्यात अनुचित प्रथा ठरते. एसटी महामंडळाच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की उमादेवीमुळे औद्योगिक न्यायालयाचे हे अधिकार जात नाहीत. मात्र त्याआधी २००१ मध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कामगारांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं होतं, की विद्यापीठ सरकारच्या मंजुरीशिवाय पद निर्माण करू शकत नसेल, तर माणसं तात्पुरती ठेवली म्हणून अनुचित प्रथा होत नाही. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते 'मंजूर पद' या दोन शब्दांवर. माहितीच्या अधिकारात कार्यादेशाबरोबर हेही विचारा: परीक्षा विभागाचा मंजूर आकृतिबंध, म्हणजे पदांचा आराखडा, काय, कनिष्ठ लिपिकाची किती पदं मंजूर, किती रिक्त, कोणत्या तारखेपासून. रिक्त पद आहे आणि त्याच पदाचं काम तुम्ही करताय, असा कागद हाती आला तर वकिलाकडे जाण्यात अर्थ आहे. तो नसेल तर वकिलाची फी वाचवा.

२०१९ चा एजन्सीचा फेरा इथे तुम्हाला सगळ्यात महाग पडतो. थेट असताना तुम्ही औद्योगिक न्यायालयात जाऊ शकला असता. आता विद्यापीठ म्हणेल, ही आमची कामगारच नव्हे. २००१ च्या सिप्ला निकालापासून असं आहे, की मालक कोण यावरच वाद असेल तर आधी तो वाद योग्य ठिकाणी सोडवून घ्यायचा, मगच अनुचित प्रथेची तक्रार. एजन्सी नुसती कागदावर आहे हे सिद्ध करणं अशक्य नाही. रजा कोण मंजूर करतं, काम कोण नेमून देतं, एजन्सी दोनदा बदलली तरी माणसं आणि टेबलं तीच कशी, हे सगळं पुराव्यात येतं. पण हे वर्षानुवर्षांचं काम आहे आणि एकट्याचं नाही. विभागातल्या तुम्ही सगळ्यांनी मिळून, युनियनमार्फत, छत्रपती संभाजीनगरला सेवाविषयक आणि कामगार प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, तेव्हा दाद कुठे मागायची हे आजच्या तारखेला त्यांनाच विचारलेलं बरं. (तुमच्या ओळखीत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक असतील तर त्यांना हा रस्ता सुचवू नका. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ सालीच ठरलंय की शिक्षक हा कायद्याच्या भाषेत 'कामगार' नाही. त्यांचं दार वेगळं.)

कागद आजपासून जमवायला लागा. २०१२ पासूनच्या सगळ्या ऑर्डर, विद्यापीठाच्या खात्यातून पगार आलेला बँक उतारा, जुनं ओळखपत्र, तुमच्या नावाचे परीक्षा कामाचे आदेश, हजेरीच्या पानांचे फोटो. परीक्षा विभागातल्या एखाद्या साध्या आदेशावर 'श्रीमती अमुक यांनी उत्तरपत्रिका ताब्यात घ्याव्यात' असं लिहून उपकुलसचिवांची सही असते. काम कोण करून घेत होतं हे त्या चिटोऱ्यावरून जितकं कळतं, तितकं दहा पानी शपथपत्रावरून कळत नाही.

हमीपत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकाच दोरीत ओवल्या आहेत. 'कायम करण्याची मागणी करणार नाही' या वाक्याला मी फार घाबरत नाही. नोकरी टिकवण्यासाठी घेतलेली अशी सही कोर्टात अखेरचा शब्द ठरत नाही आणि सही न करता तुम्हाला उद्या गेटवर थांबवलं, तर लढायला पाय ठेवायची जागाही जाते. दुसरं वाक्य, 'मागची कोणतीही येणी बाकी नाहीत', ते मात्र सरळ विषारी आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा हक्क असा लिहून घेऊन संपत नाही, कायद्यापुढे करार चालत नाही. तरीही उद्या ग्रॅच्युइटी मागायला गेलात की हाच कागद तुमच्या तोंडावर फेकतील. ते वाक्य गाळायला सांगा. सगळ्यांनी मिळून सांगा. नाहीच ऐकलं तर सही करा, पण त्याच दिवशी कुलसचिवांना आणि एजन्सीला ईमेल करा: हमीपत्रावर नोकरी जाण्याच्या भीतीने सही केली, २०१२ ते २०१९ ची ग्रॅच्युइटी आणि पीएफ तसंच एप्रिलपासूनचा न भरलेला पीएफ या माझ्या येण्यांवरचा हक्क मी सोडलेला नाही. सही करण्याआधी स्टॅम्प पेपरचा मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. आणि तो पेपर तुमच्याच पैशाने आणायला लावत असतील, तर पावती मागायला लाजू नका.

पतसंस्थेच्या नोकरीबद्दल १८ आणि साडेसोळा अशी तुलना करू नका. साडेसोळा तुमच्या हातात पडतात, त्यात तुमचे कापलेले १,८०० आणि मालकाचे १,८०० मिळवा. वीस हजार शंभर झाले. आता पतसंस्थेला एकच विचारा, पीएफ कापता का. पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्या सहकारी संस्थांना पीएफ कायद्यातून सूट मिळू शकते आणि बऱ्याच लहान पतसंस्था तिचा फायदा घेतात. पीएफ नसेल तर ते १८ हजार आजच्यापेक्षा दोन हजारांनी कमीच आहेत. पीएफ असेल आणि १८ हजार हातात पडणार असतील, तर मी म्हणेन जा. मागून सगळ्यांना पर्मनंट केलं तर, ही धाकधूक मला समजते. पण सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, आरडाओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला, आणि तुमच्या टेबलावर एजन्सी तशीच राहिली. घोषणांचा आणि तुमच्या पगारपत्रकाचा संबंध एवढाच आहे. शिवाय गेल्यामुळे मागचा दावा बुडत नाही. ग्रॅच्युइटी, पीएफ हे झालेल्या कामाचे पैसे आहेत. आणि विद्यापीठात लिपिकांची जाहिरात निघालीच, तर अर्ज बाहेरूनही करता येतो. वयाची अट मात्र बघा. सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३. कंत्राटी सेवेबद्दल सवलत दिली असेल तर ती जाहिरातीतच लिहिलेली असते.

पतसंस्थेत पीएफ नसेल, तर विद्यापीठात राहा, पण वाट बघत नव्हे. मोजणी चालू ठेवत राहा.

एका गोष्टीला तारीख आहे. अटल पेन्शन योजनेत चाळीस वर्षं पूर्ण होण्याआधीच नाव घालता येतं. म्हणजे तुमच्याकडे डिसेंबरपर्यंतचाच वेळ आहे. तुम्ही प्राप्तिकर भरत नसणार, तेव्हा अडचण नाही. ३९ व्या वर्षी सुरू केलं तर साठीनंतर महिना पाच हजारांच्या पेन्शनसाठी दरमहा १,३१८ रुपये भरावे लागतात. साडेसोळा हजारांतून हे जड आहे. झेपत नसेल तर तीन किंवा दोन हजारांची पेन्शन निवडा, हप्ता त्या प्रमाणात उतरतो. पगाराचं खातं आहे त्याच बँकेत अर्ध्या तासाचं काम आहे. ही पाच हजार आणि ईपीएसची पाच, मिळून दहा हजार. ते कुणाच्या परिपत्रकाची वाट पाहत नाहीत.

आणि पीएफ पोर्टलवर ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची नोंद, झालंय का ते आज रात्री बघा. एजन्सीच्या मुलींपैकी बहुतेकींचं झालेलं नसतं. नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर पतीला पेन्शन आणि दोन मुलांना पंचविशीपर्यंत वेगळी पेन्शन मिळते. त्याला दहा वर्षांची अट नाही, एक महिन्याचा भरणाही पुरतो. वर पीएफला जोडलेल्या विम्याचे सात लाखांपर्यंत येऊ शकतात. आणि हप्तेच भरलेले नसले, तर घरच्यांना हे मिळवायला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. एप्रिलपासूनच्या त्या रिकाम्या रकान्यासाठी कुलसचिवांना अर्ज याच आठवड्यात द्या म्हटलं ते म्हणूनच.